ताईंची पट्टी

"आज गळा साथ नाही देऊन राहिला, मंडळी. माफ करा." एप्रिलमधल्या त्या रात्री ताई माइकवर एवढंच बोलल्या, बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायल्या आणि पुढचं गाणं त्यांनी कोरसच्या पोरींवर सोडून दिलं. नागपुरातल्या इंदोऱ्यातलं भीमजयंतीचं स्टेज. साडेनऊ वाजून गेले होते आणि दहाच्या आत सगळं आटपायचं होतं. गर्दीला त्यात काही वावगं वाटलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मागून कुणीतरी 'जय भीम' म्हणून हाक दिली, ढोलकीवाल्याने लगेच ठेका उचलला. मी बाजूला मिक्सरवर बसलो होतो आणि माझी नजर ताईंच्या पायाशी तिरक्या ठेवलेल्या, त्यांना त्यांचाच आवाज ऐकवणाऱ्या मॉनिटर स्पीकरवरून हलत नव्हती. कारण त्याआधीच्या अर्ध्या तासात त्यांनी मला चारदा खूण केली होती. बोट वर, म्हणजे अजून वाढव. मी चारही वेळा वाढवलं. चौथ्या वेळी दोन कडव्यांच्या मधल्या म्युझिकमध्ये त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, मले माहाच आवाज ऐकू नाही येऊन राहिला."

ताईंचा गळा नंतर बसला. आधी बसला होता माझा मॉनिटर.

हे मला त्या रात्री कळलं नव्हतं. सामान गाडीत भरताना मीही पोराला म्हणालो, की ताईंचं वय झालं आता, पहिल्यासारखं तीन-तीन तास नाही जमत. आपल्या तोंडचं हे वाक्य मला पुढे कितीतरी दिवस झोपू देईना. वीस-बावीस वर्षांत मी त्यांचे निदान साठ कार्यक्रम केले असतील. त्यांचा आवाज मी ज्या जागेवरून ऐकतो तिथून दुसरं कुणी ऐकत नाही. कडव्याच्या शेवटी स्वर सोडताना त्या घशातून एक बारीकसा खर काढतात, तो पाचव्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचतसुद्धा नाही. असा गळा तीन तासांत असा विझत नाही, हे मला कळायला हवं होतं.

प्रेक्षकांना मॉनिटर दिसतो, पण तो त्यांच्यासाठी नसतोच. स्टेजवर ढोलकी आहे, पॅड आहे, कीबोर्ड आहे, दोन्ही बाजूंच्या, प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या टॉप स्पीकरची मागून येणारी घुमघुम आहे. या सगळ्यात गाणाऱ्याला स्वतःचा आवाज धरून ठेवायला जी एक दोरी लागते ती म्हणजे पायाशी ठेवलेला तो तिरका डबा. दोरी सुटली की माणूस ओरडायला लागतो. लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच हे लिहून ठेवलंय, की गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, ठरवून नव्हे. पिठाच्या गिरणीत उभं राहून बोलणाऱ्याला आपण मोठ्याने बोलतोय हे कुठे कळतं? ताई तसंच गात होत्या. अर्धा तास, पूर्ण ताकदीने, गिरणीत.

आणि संध्याकाळी सहाला साउंडचेक झकास झाला होता. ताईंनी एक ओळ म्हणून मान डोलावली होती. मग साडेसहा ते साडेनऊ या तीन तासांत झालं काय?

ते कळलं इतवारीतल्या, जळके-फाटके स्पीकर पुन्हा भरून देणाऱ्या एका रिकोनवाल्या काकाजींच्या दुकानात. दुकान म्हणजे आठ बाय सहाची खोली. भिंतीवर स्पीकरच्या फाटक्या कोनांची, म्हणजे आतल्या कागदी शंकूंची चळत, वर एक पंखा, आणि चिकट, आंबूस अशा सोल्युशनचा वास. मॉनिटर फाटला नव्हता, वाजत होता. तरी मी वूफर, म्हणजे डब्यातला मोठा स्पीकर, उघडायला लावला. काकाजींनी आधी दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कोन हळूच दाबला, सोडला, पुन्हा दाबला, कान जवळ नेला. "घासत नाही," म्हणाले. मग पाठीमागचा स्टिकर वाचला, १००० वॅट, आणि हसले नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. ब्लेडने डस्ट कॅप, म्हणजे कोनाच्या मधली टोपी, कापली. कापल्याबरोबर वास आला. ज्यांनी कधी जळालेली मोटार उघडलीय त्यांना तो वास माहीत आहे, वार्निश करपल्याचा. कोन हलवणाऱ्या कॉइलचे वेढे तांब्याच्या रंगाचे असतात. हे मधल्या पट्ट्यात काळपट चॉकलेटी झाले होते. "पाह्य," काकाजी म्हणाले, "जळली नाही. पण भाजून निघाली. एकदा नाही, लय वेळा."

नवी कॉइल बसवताना त्यांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि मधल्या लोखंडी खुंट्याभोवती उभ्या लावल्या, कॉइल नेमकी मधोमध राहावी म्हणून. फिल्मवर कुणाच्या तरी बरगड्या अर्ध्या दिसत होत्या. गॅपमधला कचरा चिकटपट्टीने उचलला. मॅग्नेट आणि कॉइल यांच्यात इतकी कमी जागा असते की धुळीचा एक कण पुरतो. हे सगळं करताना ते बोलत होते, आणि मी एवढी वर्षं वॅट पाहून वूफर घेत आलो याची लाज मला तिथे, त्या स्टुलावर बसून वाटली. मॉनिटरसाठी हे वूफर मी दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतले होते. बाजारात सगळे एकच विचारतात, किती वॅटचा? मीही तेच विचारलं. पोळ्याच्या बैलबाजारात जाऊन बैल खातो किती एवढंच विचारून दावं सोडावं, तसं आहे हे. ओढतो किती, हा प्रश्न कोण विचारणार?

ओढतो किती, याचा आकडा कागदावर असतो. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, ती सेन्सिटिव्हिटी. माझ्या वूफरच्या कागदावर ९७ लिहिलं होतं आणि मला ते चांगलं वाटलं होतं. पण तो ४ ओहमचा (ओहम म्हणजे रोधाचं माप) होता आणि मोजणी २.८३ व्होल्टवर केलेली होती. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहममध्ये एक वॅट. ४ ओहममध्ये दोन. दोन वॅटचा आवाज एका वॅटच्या रकान्यात बसवला होता. खरा आकडा ९४. तीन डेसिबलचा फरक ऐकायला किरकोळ, पण प्रत्येक तीन डेसिबलला वीज दुप्पट लागते. ताईंना ढोलकीच्या वर ऐकू यावं म्हणून मॉनिटरकडून मला ११४ डेसिबल हवे असतील, तर ९४वाल्याला शंभर वॅट द्यावे लागतात. ९९वाल्याला बत्तीस पुरतात. आणि ९४ डेसिबलवाल्याची कार्यक्षमता हिशेबाने दीड टक्का निघते. शंभर वॅट घातले तर दीड वॅटचं गाणं झालं, बाकी साडेअठ्ठ्याण्णव वॅट त्या चिमूटभर तांब्यात शेगडीसारखे तापत राहिले. बंद लाकडी डब्यात. एप्रिलच्या नागपुरात, जिथे दुपारभर ऊन खाल्लेल्या फळ्या रात्री आठलाही पायाला चटका देतात.

तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. शंभर अंशांनी तापलं तर जवळजवळ एकोणचाळीस टक्के. रोध वाढला की अ‍ॅम्पकडून वीज कमी ओढली जाते आणि आवाज सुमारे तीन डेसिबलने खाली येतो. गाणारी म्हणते वाढव. आपण वाढवतो. कॉइल अजून तापते, आवाज अजून बसतो. मी चारदा मिक्सरवरची सरकती खुंटी, फेडर, वर नेला तेव्हा चारही वेळा मी फक्त शेगडीत कोळसा टाकत होतो. यातली सगळ्यात वाईट गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. वूफर बसतो, पण त्याच डब्यातला, बारीक आवाज काढणारा हॉर्न त्या मानाने बसत नाही, त्याला मुळात वीजच थोडी लागते. म्हणजे तीन तासांनी मॉनिटरमधून ताईंना त्यांचे स, श, च ऐकू येत होते, श्वास ऐकू येत होता, पण छातीतून येणारा गळा, ज्याच्यावर त्या स्वर तोलतात, तोच गायब झाला होता. वाढवलं की हॉर्नच पुढे यायचा आणि माइकची सीटी (फीडबॅक) वाजायच्या बेतात असायची, मग मी घाबरून इक्यूवर, म्हणजे सूर कमी-जास्त करायच्या बटणांवर, अजून कापायचो. त्यांनी मला खरं तेच सांगितलं होतं. मॉनिटर मोठा होता, पण त्यात त्यांचा आवाज नव्हता.

माझ्या वडिलांना हे सगळं शिकवावं लागलं नसतं. त्यांचं लाउडस्पीकरचं काम होतं महालात. एक पेटी, एक मशीन, दोन भोंगे. कुही, मौदा, उमरेडकडच्या लग्नांना ते जायचे तेव्हा गावात वीज असेलच याचा नेम नव्हता. गाडीची बॅटरी सोबत असायची. त्या बॅटरीवर रात्र काढायची म्हणजे प्रत्येक वॅट जपून वापरायचा. भोंग्याचा युनिट असेल तीसेक वॅटचा, तो कडुनिंबाच्या फांदीला बांधायचा आणि आवाज शेजारच्या गावात जायचा. निमुळत्या नळीतून हळूहळू रुंद होणारा तो पत्रा हवेला असा काही हाताशी धरतो की थोड्या विजेत पुष्कळ आवाज निघतो. मी लहानपणी झाडाखाली झोपायचो आणि भोंग्यातून येणारं गाणं नाकातून म्हटल्यासारखं वाटायचं. खर्ज नाही, बारीक झंकार नाही, नुसता मधला आवाज. आजही तो आवाज मला सुंदर वाटत नाही. पण तो आवाज पहाटे चारला जेवढा होता तेवढाच संध्याकाळी सातला होता, हे आठवतं. वडील निघताना बॅटरीच्या टोकांना जीभ लावून पाहायचे. मला ते किळसवाणं वाटायचं. नंतर मोठे अ‍ॅम्प आले, स्वस्त वॅट आले, जनरेटर आला, आणि विजेची किंमत विचारणं आम्हीच सोडून दिलं.

मे महिना मी वूफरचे कागद वाचण्यात घालवला. हॉफमनचा म्हणून एक नियम या धंद्यातल्या वाचणाऱ्या लोकांना माहीत असतो. डबा लहान हवा, खर्ज खोल हवा आणि कार्यक्षमता जास्त हवी, या तिघांपैकी दोनच मिळतात, तिसरं सोडावं लागतं. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीलने आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉलने ज्या मोजमापांवरून वूफर आणि डबा यांचा मेळ बसवायला शिकवलं, त्यांतूनही शेवटी हेच निघतं. मॉनिटरमध्ये काय सोडायचं ते मला एका रात्रीत ठरवता आलं. खर्ज. डबा लहानच हवा, नाहीतर ताईंचं तोंड पहिल्या रांगेला दिसणार नाही. ऐंशी हर्ट्झच्या खालचं मी तसंही मिक्सरवर कापूनच टाकतो, आणि डबा जमिनीला टेकलेला असल्याने खालच्या सुरांना जमिनीचा आधार मिळतोच. म्हणजे मला हवा होता हलका कोन, ताकदवान मॅग्नेट, कोनाची कापडी चुणीदार कड (एज), थोडंच पण नेमकं हलणारा. हातात घेऊन अंगठ्याने दाबला तर सबवूफरसारखा लोळणारा नको, ढोलकीच्या पुडीसारखा ताठ हवा.

ढोलकीवाल्याला हे पटलेलं नाही, अजूनही. त्याला पायाशी ठोका लागतो, पोटात लागणारा. मी म्हटलं, तुझ्या बाजूला वेगळा पंधरा इंची ठेवतो, पण ताईंच्या पुढ्यात खर्ज येणार नाही. तो म्हणाला, "आवाजात जानच नाही राहिली, दादा." त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे. एका स्टेजवर दोघांना एकाच वेळी जे हवं ते देणारा डबा मी अजून पाहिलेला नाही.

आकडा मोठा दिसला की लगेच भुलायचं नाही, हेही या महिन्यात कळलं. एका वूफरचा आकडा १०१ होता. आलेख उघडला तर दोन-अडीच हजार हर्ट्झवर एक सुळका होता आणि सरासरी त्या सुळक्याच्या जिवावर वर गेली होती. गळा असतो दोनशे ते हजारच्या आसपास, तिथे तो ९६वर रेंगाळत होता. बरं, तो सुळका नुसता फुकटचा नाही. माइक समोर आहे, मॉनिटर त्याच्याकडे तोंड करून आहे, अशा वेळी सीटी पहिल्यांदा सुळक्यावरच वाजते. जो वूफर बाराशे-पंधराशेपर्यंत सपाट जातो, म्हणजे हॉर्नच्या हाती सूत्रं देईपर्यंत शांत राहतो, तोच स्टेजवर मोठा करता येतो. शेवटी मी घेतला तो बारा इंची, ८ ओहम, ९९ डेसिबल, कॉइल तीन इंची, मॅग्नेट साधा फेराइटचा. निओडिमियमचा घेतला असता तर डब्याचं वजन बरंच उतरलं असतं, सामान उचलणाऱ्या पोराची पाठ वाचली असती, आणि त्याबद्दल मला वाईटही वाटतं. पण हलक्या प्रतीचा निओडिमियम ऐंशी अंशांच्या वर तापला तर कायमचा कमजोर होऊ शकतो, आणि २०११ मध्ये त्याचे भाव जे आकाशाला भिडले होते ते मी विसरलेलो नाही. चांगल्या प्रतीचा घ्यायला माझ्याकडे पैसे नव्हते. चार डब्यांचे चार वूफर, तेवढ्यातच उन्हाळ्याची कमाई गेली. पाठीमागे लिहिलंय ३५० वॅट. ज्याला ज्याला दाखवला त्याने विचारलं, भाऊ, हजारवरून साडेतीनशेवर आलास?

लावायच्या आधी मी जुना आणि नवा दोन्ही वूफर भाजून पाहिले. आमच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये, दुपारी दोन वाजता, बाहेर चव्वेचाळीस असताना. गाद्या उभ्या केल्या, उसना मीटर एका मीटरवर ठेवला, कानात बोळे घातले आणि दोघांनाही सारख्याच आवाजावर धबधब्यासारखा एकसुरी खळखळाट दिला, तासभर. वहीत दर पाच मिनिटांनी आकडा लिहिला. जुना चाळीस मिनिटांत तीन डेसिबल उतरला. नवा एकच्या आतच राहिला. तासाने नव्याच्या मॅग्नेटला हात लावला, कोमट होता. जुन्याला लावला आणि हात मागे घेतला. आत जाऊन आंघोळ केली, पन्हं प्यायलो, आणि वहीतले ते दोन रकाने पुन्हा काढून पाहिले. मला आनंद व्हायला हवा होता.

हल्लीचे बँडवाले पोरं कानात बोळे घालून गातात, इन-इअर. त्यांना मॉनिटरचीच गरज नाही. काही जण मला म्हणाले, ताईंनाही दे. मी एकदा दिलं होतं. त्यांनी दोन मिनिटांत काढून माझ्या हातावर ठेवलं. लोकं ऐकू येत नाहीत म्हणाल्या.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंनी माणूस येतो, आणि त्या दोन-तीन दिवसांत जाणाऱ्या-येणाऱ्या रस्त्यांवर ठिकठिकाणी जेवणाचे, पाण्याचे मंडप असतात. काही मंडपांत छोटं स्टेज असतं. अशाच एका स्टेजवर, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, एप्रिलनंतर पहिल्यांदा ताईंना माझा मॉनिटर मिळाला. शेजारी भाताचे हंडे चढलेले, धूर डोळ्यांत जाणारा, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया मुलांना घेऊन बसलेल्या. ताईंनी चप्पल काढली, माइकजवळ आल्या, एक ओळ म्हणाल्या, अर्ध्याच आवाजात. थांबल्या. मग खाली मॉनिटरकडे पाहिलं आणि बोट खाली केलं.

वीस-बावीस वर्षांत त्यांनी मला कधी कमी करायला सांगितलं नव्हतं. मी कमी केलं. त्यांनी पुन्हा तीच ओळ म्हटली, त्याहून हळू, आणि शेवटचा स्वर सोडताना तो खर काढला. मॉनिटरमधून तो मला मिक्सरवर स्पष्ट ऐकू आला.

ओळ संपल्यावर मी उठून त्यांच्याकडे गेलो. सांगायचं होतं ते महिनोन् महिने मनात घोळवलेलं होतं, तरी नीट सांगता आलं नाही. कॉइल, तापणं, तीन डेसिबल, कायकाय बोललो. शेवटी म्हटलं, "ताई, इंदोऱ्याला तुमचा गळा नव्हता बसला. माझा डबा बसला होता." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग पेटीवाल्या काकांकडे वळल्या. पेटीवाले काका बोटं पट्ट्यांवर ठेवून थांबले होते, काळी तीनवर. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ताई त्याहून वरच्या पट्टीत, काळी चारला गातात. मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून काळी चार.

"त्या रातीपासून खाली घेतली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता नाही जमत."

मी काही बोलू शकलो नाही. पेटीवाल्या काकांनी विचारलं, "मग वर नेऊ का, बाई?" ताईंनी पदराने मानेवरचा घाम पुसला, समोर बसलेल्या बायांकडे पाहिलं, थोडा वेळ काहीच म्हणाल्या नाहीत. त्या सहा महिन्यांत जयंत्या झाल्या, बुद्धपौर्णिमा झाली, वर्षावासाचे कार्यक्रम झाले. ते सगळे त्यांनी दुसऱ्यांच्या साउंडवर, काळी तीनला गायले होते.

"राहू दे आजच्या दिवस," त्या म्हणाल्या. "पोरींचं बसलंय आता इथे."

ढोलकीवाल्याने पुडीवर बोट आपटून पाहिलं. मी मिक्सरवर परत आलो आणि त्यांचा फेडर होता तिथेच राहू दिला.